आग वॉर्डात, बंब कॉलेजात

नर्सिंगच्या पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगचा, म्हणजे वॉर्डातल्या प्रात्यक्षिकाचा, पहिला दिवस. गणवेशाला कडक इस्त्री, खिशात दोन पेनं आणि एक छोटी वही. ड्यूटी सातची, पण मुलगी पावणेसातलाच वॉर्डाच्या दारात हजर. आत रात्रपाळीच्या सिस्टर दिवसपाळीला हँडओव्हर देत असतात. कुठं उभं राहावं ते तिला कळत नाही. जवळ गेली तर ‘जरा बाजूला हो’, बाजूला झाली तर ‘तिथून ऐकू येतंय का तुला?’ अर्ध्या तासात तिचं नाव ‘स्टुडंट’ होतं. ए स्टुडंट, सगळ्यांचं टेंपरेचर घे. ए स्टुडंट, हे लॅबला देऊन ये. ड्यूटी संपेपर्यंत तिने चादरी बदललेल्या असतात, तक्ते भरलेले असतात, चार वेळा जिना चढून उतरलेली असते. दिवसभरात तिला नाव विचारणारा माणूस एकच भेटतो, खिडकीजवळच्या बेडवरचा म्हातारा पेशंट.

दीड वर्षाने हीच मुलगी कॉलेजच्या ऑफिसात अर्ज देते: ‘वैयक्तिक कारणास्तव अभ्यासक्रम सोडत आहे.’ क्लार्क शिक्का मारतो, फाईल बंद होते. नर्सिंग शिक्षणाच्या सगळ्या कागदपत्रांत ‘वैयक्तिक कारण’ या दोन शब्दांइतकी मोठी थाप दुसरी नसेल. ही थाप मुलगी मारत नाही. अर्जातला तो रकाना ती तिच्याकडून मारून घेतो.

नर्सिंगची पदवी अर्ध्यात सोडणाऱ्यांची चर्चा जगभर होते आणि जवळपास नेहमी या अर्जापासूनच सुरू होते. मुलगी कशात कमी पडली? इंग्रजीत, शरीरक्रियाशास्त्रात, औषधांच्या डोसच्या गणितात, की मनाच्या खंबीरपणात? मग त्या त्या कमतरतेवर उपाय काढले जातात. मला ही सगळी दिशाच चुकीची वाटते.

प्रश्न किती मोठा आहे ते एकदा पाहून घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ सालच्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका आणि परिचारक होते, आणि तरीही ५८ लाख कमी पडत होते. यावर सगळ्या सरकारांचं ठरलेलं उत्तर म्हणजे जागा वाढवा, नवी कॉलेजं काढा. उत्तर चुकीचं नाही, पण त्याचं आकर्षण वेगळ्या कारणासाठी आहे. नवी इमारत दिसते, तिची फीत कापता येते. दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी तिसऱ्या वर्षाला पोचली, याची फीत कुठं कापणार? घागर गळकी आहे हे माहीत असूनही आपण नळ मोठा करत राहतो, कारण नळाचं उद्घाटन होतं आणि घागरीच्या डागडुजीचं होत नाही.

विद्यार्थी शिक्षण का सोडतात याचा विचार करणारे अभ्यासक अमेरिकी समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांच्या १९७५ सालच्या मांडणीचा आधार हमखास घेतात. सार साधं आहे: विद्यार्थी संस्थेच्या अभ्यासात आणि तिथल्या माणसांत मिसळला तर टिकतो, नाही तर सुटतो. या मांडणीवर पुढे पुष्कळ टीका झाली, पण तिच्यातून निघालेल्या योजना आजही कॉलेजा-कॉलेजांतून चालू आहेत. पहिल्या आठवड्याचा परिचयवर्ग, वरच्या वर्गातला एखादा मार्गदर्शक, समुपदेशनाची खोली, मागे पडणाऱ्यांसाठी जादा तास. इतिहास किंवा वाणिज्य शिकणाऱ्याला हे पुरेल. नर्सिंगच्या विद्यार्थ्याचा मात्र अर्धा काळ कॉलेजात जातच नाही. युरोपीय महासंघाच्या नियमानुसार परिचारिकेच्या शिक्षणाला किमान ४,६०० तास लागतात आणि त्यातला निम्मा तरी भाग प्रत्यक्ष रुग्णांजवळ घालवावा लागतो. इतर देशांचे आकडे वेगळे असतील, पण वॉर्डावाचून पदवी कुठंच मिळत नाही. म्हणजे तिने ज्या संस्थेत मिसळायचं, ती संस्था प्रत्यक्षात वॉर्ड आहे. आणि वॉर्डाला कुणी सांगितलेलंच नसतं की ही मुलगी टिकवणं तुझंही काम आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत.

हे सगळं आजचं आहे असं वाटत असेल तर १९६० साली जावं लागेल. जिथं शिक्षणही चालतं अशा लंडनमधल्या एका मोठ्या रुग्णालयाने, मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या टॅव्हिस्टॉक संस्थेच्या इझाबेल मेंझिस या मनोविश्लेषक बाईंना बोलावलं होतं. विद्यार्थिनींच्या ड्यूट्या लावायची पद्धत कोलमडत चालली होती: शिक्षणाच्या गरजा एक सांगत, वॉर्डांतली हातांची टंचाई दुसरंच सांगे. त्या काळी तिथल्या परिचारिकांत बहुसंख्य विद्यार्थिनीच होत्या. मेंझिसबाईंना दिसलं की साधारण एक तृतीयांश विद्यार्थिनी प्रशिक्षण पुरं करत नाहीत. त्यातल्या बऱ्याच जणी नापास होऊन गेलेल्या नव्हत्या, आपण होऊन गेल्या होत्या. आणि ज्येष्ठ परिचारिकांची खंत अशी, की जाणाऱ्यांत चांगल्या मुली जास्त आहेत.

या शेवटच्या निरीक्षणावर मला थांबावंसं वाटतं, कारण ते आपल्या सगळ्या गृहीतकांच्या उलट आहे. गळती म्हणजे चाळणी, तिच्यातून कच्चा माल खाली पडतो आणि पक्का वर राहतो, अशी आपली समजूत. मेंझिसबाईंचं म्हणणं वेगळं होतं. आजार, वेदना, मृत्यू, परक्या शरीराचा उघडेपणा यांच्याशी रोज संबंध आला की माणसाच्या मनात प्रचंड भीती साठते. रुग्णालय ती भीती बोलून मोकळी करत नाही, तिच्याभोवती भिंत बांधतं. काम इतकं तुकड्यांत वाटायचं की एका परिचारिकेचा एका पेशंटशी संबंधच येऊ नये. पेशंटला नावाने न ओळखता बेडच्या नंबरावरून किंवा बिघडलेल्या अवयवावरून ओळखायचं. मुलींना सतत या वॉर्डातून त्या वॉर्डात हलवायचं, म्हणजे जीव जडणार नाही. निर्णय घ्यायचाच नाही, ठरलेलं ठरल्याप्रमाणे करत राहायचं. मग शांत झोपलेल्या पेशंटला उठवून झोपेची गोळी देण्यापर्यंत मजल गेली तरी चालेल. जी मुलगी जास्त समंजस, पेशंटच्या दुःखाला सामोरं जायची जिची तयारी आहे, तिला या भिंतीचाच त्रास होतो. तिला पेशंटजवळ बसायचं असतं आणि वॉर्ड तिला बसू देत नाही. अशा मुली आधी जातात.

पेशंटचं नाव पुसून त्याला दहा नंबरचं लिव्हर म्हणणं आणि शिकणाऱ्या मुलीचं नाव पुसून तिला ‘स्टुडंट’ म्हणणं, या दोन वेगळ्या वाईट सवयी नाहीत. मूळ एकच आहे. माणूस म्हणून ओळख झाली की जबाबदारी येते, आणि आधीच वाकलेल्या खांद्यांना आणखी जबाबदारी नको असते. केट ग्रेंजर या ब्रिटिश डॉक्टर स्वतः कर्करोगाच्या रुग्ण म्हणून रुग्णालयात होत्या. जवळ येणारे कित्येक कर्मचारी आपलं नावसुद्धा सांगत नाहीत हे तिथं त्यांच्या लक्षात आलं, आणि २०१३ मध्ये त्यांनी ‘हॅलो, माझं नाव अमुक’ एवढ्या एका वाक्याची मोहीम सुरू केली. ती पेशंटसाठी होती. तोच शिष्टाचार विद्यार्थ्याच्या बाबतीत पाळला तर त्याला खर्च शून्य आहे. तरीही तो होत नाही, याचा अर्थ अडचण शिष्टाचाराच्या खाली कुठं तरी आहे.

मेंझिसबाईंच्या काळात विद्यार्थिनी म्हणजे रुग्णालयाचे फुकटचे नाहीतर स्वस्तातले हात होते. ही पिळवणूक थांबावी म्हणून देशोदेशी सुधारणा झाल्या. ब्रिटनमध्ये १९८९ पासून ‘प्रोजेक्ट २०००’ या नावाने सुरू झालेल्या बदलांनी नर्सिंगचं शिक्षण विद्यापीठांकडे नेलं आणि विद्यार्थ्याला वॉर्डाच्या मनुष्यबळात धरायचं नाही असं ठरवलं. फार योग्य सुधारणा. तिचा एक परिणाम मात्र कुणी आधी पाहिला नव्हता. जुनी शिकाऊ परिचारिका राबवली जायची, पण ती त्या वॉर्डाची असायची; तिची खुर्ची असायची, तिच्या नावाचा कप असायचा, ती आली नाही तर अडायचं. आजची विद्यार्थिनी कागदावर सुरक्षित आहे आणि वॉर्डात पाहुणी आहे. सहा आठवड्यांनी जाणार, पुढच्या सोमवारी दुसरी येणार, मग नाव तरी कशाला लक्षात ठेवायचं? आणि माणसं कमी पडली की हीच पाहुणी पुन्हा हात बनते, ते निराळंच. राबवणं पूर्ण गेलं नाही आणि आपलेपणा मात्र गेला.

या आपलेपणाचा ऑस्ट्रेलियातल्या नर्सिंगच्या प्राध्यापक ट्रेसी लेव्हेट-जोन्स यांनी बराच अभ्यास केला आहे. त्यातली मला सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट गळतीबद्दल नाहीच, न गळलेल्यांबद्दल आहे. ज्या विद्यार्थ्यांना वॉर्डात आपलं स्थान नाही असं वाटतं, ते तिथं सामावून जाण्यासाठी चुकीचं दिसत असूनही गप्प बसतात. हात न धुता ड्रेसिंग होताना दिसलं तरी बोलायचं नाही, कारण बोललं की आपण ‘शहाणी’ ठरतो. म्हणजे वाईट वॉर्ड दोन प्रकारची माणसं तयार करतो: सोडून गेलेली, आणि तोंड मिटून टिकलेली. दुसऱ्या प्रकाराची नोंद आपण ‘यशस्वी’ या रकान्यात करतो.

यात सिस्टरना खलनायिका ठरवणं सोपं आहे. अमेरिकेत १९८६ साली एका लेखाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला गेला होता की आपण परिचारिका आपल्याच पिल्लांना खातो आहोत का. तेव्हापासून तो वाक्प्रचार या व्यवसायाला चिकटला आहे. आपल्याकडे त्याला जास्त ओळखीचं रूप आहे: चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा, त्यातूनच घडाल. जिने खरोखर सोसलेलं असतं, तिला हे मनापासून खरं वाटतं. जिचं काही बिघडलं नाही तीच आज वॉर्डात आहे. जिचं बिघडलं ती हे मत मांडायला तिथं उरलेलीच नाही. तिच्याबरोबर पहिल्या वर्षी बसलेल्या, सोसून घडण्याऐवजी मोडलेल्या मुली तिला आठवतात का, हे कधी तरी विचारून पाहावं.

पण त्या सिस्टरच्या बाजूनेही पाहू. तिच्याकडे पेशंट आहेत, प्रत्येकाची औषधं वेळेवर जायची आहेत, दोघं ऑपरेशनला जायचेत, एक घरी सुटणार आहे, त्याचे कागद व्हायचे आहेत. अशात तिच्या हातात एक विद्यार्थिनी दिली जाते. इंजेक्शन स्वतः भरायला तिला एक मिनिट लागतं. शिकवत भरायला दहा. ही नऊ मिनिटं तिला कुणीही दिलेली नाहीत. ती चोरायची कुठून? पेशंटकडून, नाही तर स्वतःच्या पाणी पिण्याच्या वेळेतून. मग ती म्हणते, ‘तू बाजूला थांब, बघ फक्त.’ मुलगी बाजूला थांबते. तीन वर्षं, चार वर्षं, बाजूला थांबून बघते. माझ्या मते गळतीचा सगळा प्रश्न या नऊ मिनिटांत आहे. बाकी पुष्कळ खरं आहे, पण दुय्यम आहे.

दुय्यम म्हणजे बिनमहत्त्वाचं नव्हे. पैसा घ्या. इंग्लंडने २०१७ मध्ये नर्सिंगच्या नव्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती बंद करून त्यांना शैक्षणिक कर्जाच्या वाटेवर सोडलं. त्या वर्षी जानेवारीच्या मुदतीपर्यंत आलेले अर्ज आधीच्या वर्षापेक्षा २३ टक्क्यांनी घटले. २०२० पासून वर्षाला किमान ५,००० पौंड, परत न करण्याच्या बोलीवर, पुन्हा द्यावे लागले. ऑस्ट्रेलियात ‘प्लेसमेंट पॉव्हर्टी’ असा शब्दच रूढ झाला: प्रात्यक्षिकाचे आठवडे बिनपगारी, त्या काळात पोटापाण्याची अर्धवेळ नोकरी सुटते, भाडं मात्र सुटत नाही. १ जुलै २०२५ पासून तिथल्या केंद्र सरकारने नर्सिंग, प्रसूतिसेवा, शिक्षण आणि समाजकार्याच्या गरजू विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकाच्या काळात आठवड्याला ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. सेवाभावाची भाषा बोलणाऱ्यांना हे आवडत नाही. मला सेवाभावाबद्दल आदर आहे; फक्त तो विद्यार्थ्याकडे मागणाऱ्यांनी स्वतःचा पगार किती तारखेला होतो तेही सांगावं.

पैशाइतकीच वेळेची गरिबी असते आणि तिच्यावर कुणी योजना काढत नाही. पोस्टिंगचा रोस्टर चार दिवस आधी लागतो. ज्या विद्यार्थिनीला लहान मूल आहे, घरी आजारी आई आहे, दुसरी नोकरी आहे, तिचं सगळं गणित त्या एका कागदाने कोसळतं. न्यूयॉर्कच्या प्राध्यापक मारियान जेफ्रिज यांनी खास नर्सिंगच्या पदवीसाठी टिकण्याची जी मांडणी केली, तिच्यात घरची जबाबदारी, नोकरीचे तास, मुलांची सोय, प्रवास या बाहेरच्या गोष्टींना मोठं वजन दिलं आहे. आमची कॉलेजं हजेरीपट काटेकोर ठेवतात, पण तीच काटेकोरी रोस्टर महिनाभर आधी लावण्यात दिसत नाही. या उपायाला समिती लागत नाही, निधी लागत नाही. एक माणूस लागतो जो वेळेवर यादी करेल.

आणखी एक गोष्ट म्हणजे दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी नव्याचे नऊ दिवस असतात; गणवेशाचा, पहिल्या इंजेक्शनचा, घरी सांगायच्या गोष्टींचा उत्साह असतो. तिसऱ्या वर्षी शेवट दिसू लागतो. मध्ये दुसरं वर्ष. अभ्यास अवघड झालेला, वॉर्डाच्या अपेक्षा वाढलेल्या, लक्ष देणारे मात्र पहिल्या वर्षाच्या नव्या मुलांकडे वळलेले. इंग्लंडमध्ये २०१८ साली ‘रिपेअर’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही दुसऱ्या वर्षाचं हे खचणं, पैशाची काळजी आणि प्रात्यक्षिकाच्या ठिकाणचं वातावरण ही कारणं ठळकपणे पुढे आली. पहिला मृत्यूही पुष्कळदा याच सुमाराला पाहायला मिळतो. म्हणजे खरोखर आपल्या हाताखालचा मृत्यू, जिला सकाळी पाणी पाजलं ती आजी दुपारी गेली असा. त्यानंतर काय होतं? पडदा ओढला जातो, पुढचा बेड तयार करायचा असतो. संध्याकाळी होस्टेलवर ती रडते आणि मैत्रीण म्हणते, सवय होईल.

सवय होतेच, प्रश्न कशाची होते हा आहे. बोस्टनचे केनेथ श्वार्ट्झ नावाचे वकील फुप्फुसाच्या कर्करोगाने १९९५ मध्ये गेले. आजारात ज्यांनी माणुसकीने वागवलं त्यांची आठवण ठेवून त्यांनी जाण्याआधी एक केंद्र सुरू करून दिलं, आणि १९९७ पासून तिथल्या रुग्णालयात सगळ्या दर्जाचे कर्मचारी ठरावीक दिवशी एकत्र बसून पेशंटबद्दल, म्हणजे खरं तर पेशंटमुळे स्वतःच्या मनात काय झालं त्याबद्दल, बोलू लागले. ही पद्धत पुढे अनेक ठिकाणी गेली. तिच्यातली खुबी अशी की वरिष्ठ डॉक्टर आणि मॅट्रनसुद्धा आपली अडखळण कबूल करतात. विद्यार्थिनीला समुपदेशकाकडे पाठवलं की ती आजारी ठरते. त्याच खोलीत मॅट्रन म्हणाली की मलाही ती आजी अजून आठवते, तर कुणीच आजारी ठरत नाही.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: हे सगळं लाड करणं आहे, नर्सिंग हे नाजूक मनाच्या माणसाचं काम नव्हे. याला मेंझिसबाईंनी उत्तर दिलेलं आहे. जाणारे नाजूक होते असं त्यांना दिसलं नाही. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि टिकवण्याच्या बाजूने बोलणारे तो टाळतात. गळती कमी करा असं लक्ष्य दिलं की ते गाठायचा सर्वात सोपा रस्ता म्हणजे सगळ्यांना पास करणं. स्कॉटलंडमध्ये नर्सिंगच्या अभ्यासक कॅथलीन डफी यांनी २००३ साली हेच मांडलं होतं, की वॉर्डातल्या मार्गदर्शक परिचारिका कमकुवत विद्यार्थ्याला नापास करायला कचरतात. कधी पुरावा वेळेवर लिहिलेला नसतो, कधी मन धजत नाही, कधी ‘पुढच्या वॉर्डात सुधारेल’ अशी आशा. तसा विद्यार्थी अंतिम वर्षापर्यंत पोचतो, आणि मग त्याला थांबवणं क्रूर वाटतं म्हणून थांबवत नाहीत. डोसच्या गणितात दशांशचिन्ह चुकीच्या जागी देणारा माणूस पदवीधर झाला तर त्याची किंमत आपण मोजत नाही, पेशंट मोजतो.

म्हणून गळती शून्यावर आणावी असं मी म्हणणार नाही. काहींनी जायलाच हवं, आणि लवकर जायला हवं. ज्याला चार महिन्यांत कळलं की हे आपलं काम नाही, त्याला सन्मानाने दुसरी वाट दाखवणं हे शिक्षणाचं यश आहे. प्रवेशाआधी दोन-तीन दिवस वॉर्डात नुसतं हिंडू दिलं, रात्रपाळीही दाखवली, तरी कित्येक जण स्वतःच ठरवतील. आपण उलट करतो: माहितीपत्रकावर हसरा चेहरा आणि नाइटिंगेलबाईंचा दिवा छापतो, आणि बेडपॅनची ओळख पहिल्या आठवड्यात करून देतो.

गंमत म्हणजे चांगल्यांना टिकवायचं आणि अयोग्यांना थांबवायचं, या दोन्हींसाठी लागणारी गोष्ट एकच आहे. विद्यार्थ्याला सलग काही आठवडे जवळून पाहणारी, त्याला नावाने ओळखणारी, शिकवायला वेळ असलेली एक परिचारिका. जिने नीट पाहिलंच नाही तिला ना कौतुक करता येतं, ना नापास करता येतं. शिवाय शिकवणारी आणि मार्क देणारी व्यक्ती एकच असू नये. आज पुष्कळ ठिकाणी ती एकच असते, आणि विद्यार्थिनीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार मिळतो. जिच्याविरुद्ध तक्रार करायची तिच्याच सहीने पोस्टिंग पुरं होणार. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेने २०१८ च्या नियमांत ही दोन कामं वेगळी केली: रोज सोबत असणारी पर्यवेक्षक निराळी, मूल्यमापन करणारी निराळी. कागदावर तरी ही फारच शहाणपणाची सुधारणा आहे.

याच्याही पुढे जाणारा प्रयोग १९९० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात सुरू झाला आणि पुढे अमेरिकेतही पोचला. विद्यार्थ्यांना दहा वॉर्डांत चिमूटभर पसरण्याऐवजी काही वॉर्डच शिकवण्यासाठी राखून ठेवायचे. तिथल्या परिचारिका याच शिक्षिका, त्यांना शिकवायचं कसं याचं प्रशिक्षण, कॉलेजचा प्राध्यापक त्यांच्या मदतीला, आणि विद्यार्थी तिथंच दीर्घकाळ. इंग्लंडमध्ये काही ठिकाणी नेदरलँड्सकडून घेतलेली आणखी एक रीत आहे: दोन-तीन विद्यार्थ्यांकडे मोजके पेशंट सोपवायचे, पूर्ण काळजी त्यांनी घ्यायची, आणि प्रशिक्षक परिचारिकेने हात मागे बांधून, नजर मात्र त्यांच्यावर ठेवून उभं राहायचं. इथं बाजूला थांबायची पाळी सिस्टरवर येते. विद्यार्थिनीला पहिल्यांदा ‘माझा पेशंट’ असं म्हणता येतं. हे दोन शब्द बोललेली मुलगी सहजासहजी ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहीत नाही, असा माझा अंदाज आहे. त्याला मी पुरावा म्हणत नाही.

सिम्युलेशन लॅबबद्दल, म्हणजे पुतळ्यांवर सराव करायच्या खोलीबद्दल, थोडक्यात. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या, दहा अभ्यासक्रमांत केलेल्या प्रयोगात असं दिसलं की प्रात्यक्षिकाच्या निम्म्या तासांपर्यंत चांगल्या दर्जाचं सिम्युलेशन वापरलं तरी विद्यार्थ्यांच्या ज्ञानात आणि कौशल्यात फरक पडला नाही. उत्तम. पहिल्या सुईची भीती पुतळ्यावर मोडावी, पेशंटवर नाही. पण यंत्रविक्रेत्यांच्या उत्साहात एक गोष्ट हरवते: पुतळा नाव विचारत नाही. वॉर्ड बिघडलेला आहे म्हणून विद्यार्थ्याला वॉर्डापासून दूर ठेवणं हा उपाय नव्हे. पदवीनंतर तो तिथंच जाणार आहे, आणि मग नोकरी सोडेल. गळती एक मजला वर सरकेल, एवढंच.

मोजमापाचा घोळ निस्तरल्याशिवाय यातलं काहीच पक्कं होणार नाही. बाळंतपणासाठी वर्षभर थांबून परत आलेली मुलगी गळाली की टिकली? दुसऱ्या कॉलेजात गेलेला मुलगा? वेगवेगळ्या संस्था वेगवेगळी उत्तरं देतात, म्हणून त्यांचे टक्के शेजारी मांडून काही कळत नाही. शिवाय सगळा हिशेब वर्षवार आणि कॉलेजवार होतो. तो वॉर्डवार व्हायला हवा. सोडून गेलेल्यांचं शेवटचं पोस्टिंग कुठं होतं, त्याआधीचं कुठं होतं, एवढे दोन रकाने वाढवा. सोडताना कारण विचारू नका. तेव्हा कुणी खरं सांगत नाही, कारण दाखला अजून तुमच्या कपाटात असतो. तीन-चार महिन्यांनी, दाखला हातात पडल्यावर, कॉलेजशी संबंध नसलेल्या माणसाने फोन करावा. पाच वर्षांची अशी नोंद झाली की दोन-तीन वॉर्डांची नावं आपोआप वर येतील. ती नावं होस्टेलवरच्या मुलींना आजही पाठ असतात.

आणि मग ती नऊ मिनिटं. रुग्णालयाच्या ड्यूटीच्या तक्त्यात औषधांना जागा असते, ड्रेसिंगला असते, ऑडिटला असते, स्टॉक मोजायलाही असते. ‘शिकवणं’ असा रकाना नसतो. तो घातला, तर विद्यार्थी सोबत असलेल्या सिस्टरकडे त्या पाळीत पेशंट कमी द्यावे लागतील. कमी केलेले पेशंट दुसऱ्या कुणाकडे तरी जातील, म्हणजे माणूस वाढवावा लागेल, आणि त्याचा पगार कॉलेजने द्यायचा की रुग्णालयाने हे ठरवावं लागेल. विद्यार्थी टिकवण्याच्या बैठकीत परिचयवर्ग, समुपदेशक, ॲप, जादा तास यांवर तासभर उत्साहाने चर्चा चालते. हा प्रश्न निघाला की प्राचार्य आणि अधीक्षक एकमेकांकडे बघतात आणि कुणीतरी चहा मागवतं.